मेलेलं म्हणून सांगितलेलं पेप्टाइड

बेने शारोल्ता माकोची. माको म्हणजे हंगेरीतलं कांद्याचं गाव, आणि माकोच्या माणसाला कांद्यावरून चिडवल्याशिवाय शेजारच्या शहरातल्या आम्हा सेगेदकरांना जेवण जात नाही. शारोल्ता विद्यापीठात आली त्या दिवसापासून हे तिच्यामागे लागलं. "काय गं शारी, आज डोळ्यांत पाणी नाही?" असं कुणी विचारलं की ती शांतपणे म्हणायची, "पाणी कांदा चिरणाऱ्याच्या डोळ्यांत येतं. कांद्याच्या नाही."

चिडवण्यात सगळ्यांच्या पुढे असायची गोन्त्सी इबोया, आणि तीच शारोल्ताची जिवाभावाची मैत्रीण. वसतिगृहात दोघी एका खोलीत राहिल्या. एकीला ताप आला की दुसरी वर्ग बुडवायची. शारोल्ताने रसायनशास्त्र घेतलं, इबोयाने शरीरक्रियाशास्त्र, आणि शिक्षण संपल्यावर दोघी आमच्याच संस्थेत लागल्या. शारोल्ता तिसऱ्या मजल्यावर पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, जोडायची, इबोया दुसऱ्या मजल्यावर ती जनावराच्या स्नायूवर तपासायची. मी तिसऱ्या मजल्यावरच शुद्धीकरणाचं काम करायचे, त्यामुळे शारोल्ताने केलेला प्रत्येक पदार्थ माझ्या हाताखालून जायचा. तिचं काम इतकं स्वच्छ असायचं की मला फारसं काही करायला उरायचं नाही. प्रोफेसर उर्मोश, म्हणजे आमचे सर, म्हणायचे, "ह्या पोरीच्या हाताला घाई माहीत नाही."

तिचं सगळं काम एका संप्रेरकाभोवती होतं. डुकराच्या चरबीत तळलेलं काहीही पोटातून आतड्यात उतरलं की आतड्याची भिंत हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याचा निरोप पोचला की पित्ताशय आकसतं, पित्त खाली येतं आणि चरबी पचायला लागते. संप्रेरक म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. साखळी लांबलचक, पण सगळी करामत शेवटच्या आठ कड्यांत. त्यातल्या एका कडीवर सल्फेट चिकटलेलं असतं; ते गळलं की पित्ताशय त्या संप्रेरकाला ओळखच देत नाही. आणि जरा आम्ल लागलं की ते गळतंच. कुठली कडी बदलली तर चालतं आणि कुठली बदलली तर सगळं मरतं, हे एकेक बदलून बघायचं, ह्यात शारोल्ताची तरुणपणाची वर्षं गेली. तिला त्याचं कधी काही वाटलं नाही.

आठांपैकी दोन कड्या मेथिओनिनच्या. मेथिओनिनमधल्या गंधकाला हवा लागली की ते बिघडतं. चांगलं पेप्टाइड कुपीत नुसतं ठेवूनसुद्धा मंदावत जातं. शारोल्ताच्या मनात आलं, तेवढ्याच लांबीचं पण गंधकाच्या जागी साधा कार्बन असलेलं अमिनो आम्ल ह्या दोन्ही ठिकाणी बसवलं तर? नॉरल्युसीन त्याचं नाव. ते बसवून, सल्फेट न गळू देता, शेवटच्या पायरीला आम्ल अजिबात न वापरता तिने ती साखळी पूर्ण केली. एक हिवाळा त्यातच गेला. मी शुद्ध करून दिली, तिने थोडी कुपीत घालून इबोयाकडे नेली आणि उरलेली आमच्या फ्रीजरमध्ये ठेवली.

तपासायची रीत सोपी. गिनीपिगच्या पित्ताशयाची बारीक पट्टी कोमट मिठाच्या पाण्यात टांगायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे, वरचा दोरा यंत्राला जोडायचा. पाण्यात पदार्थाचा थेंब पडला आणि पट्टी आकसली, की कागदावरचं पेन वर चढतं.

आठवडाभराने इबोया वर आली. हातात कागदाची गुंडाळी.

"मेलंय गं," ती म्हणाली.

"काय बोलतेस! पुन्हा बघितलंस?"

"पुन्हा, आणि आणखी एकदा. हे बघ ना. नैसर्गिक दिलं की पेन कसं चढतंय. आणि हे तुझं. ढिम्म."

शारोल्ताने कागद खिडकीशी नेला. रेघ सपाट होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग हसली. "म्हणजे गंधक लागतंच," ती म्हणाली. "ते नुसतं जागा अडवून बसलेलं नाही. पित्ताशय त्याला धरतं. इबी, हे तर जिवंत निघण्यापेक्षा भारी आहे!"

इबोयाने शारोल्ताच्या गालाचा मुका घेतला आणि खाली गेली.

त्या सपाट रेघेवर शारोल्ताने पुढची सगळी इमारत चढवली. दोघींच्या नावाने लेख आला: मेथिओनिनमधलं गंधक ह्या संप्रेरकाला अत्यावश्यक आहे. तिचा प्रबंध त्याच मुद्द्यावर उभा राहिला. नवी पेप्टाइडं ती त्याच हिशोबाने आखायला लागली, आणि ती मनासारखी निघेनात तेव्हा स्वतःच्या हाताला दोष द्यायला लागली. "माझंच काहीतरी चुकतंय, तेरेझ," असं ती मला म्हणायची. मी म्हणायचे, "तुझे पदार्थ आरशासारखे आहेत, बाई. चुकत असेल तर पित्ताशयाचं चुकतंय."

दरम्यान इबोयाला स्टॉकहोमच्या एका प्रयोगशाळेतून वर्षभराचं बोलावणं आलं. त्या काळी, कम्युनिस्ट राजवटीत, असं बोलावणं येणं आणि वर पासपोर्टही मिळणं म्हणजे लॉटरीच. सगळ्यांत जास्त आनंद शारोल्तालाच झाला. तिने आईला सांगून माकोहून परातभर पोगाचा, म्हणजे छोट्या खाऱ्या पावरोट्या, मागवल्या, गरम, वर कुरकुरीत चरबीचे तुकडे लावलेल्या, आणि सगळ्या मजल्यांवर वाटल्या. तिची आई इबोयाला दर शरद ऋतूत कांद्यांची वेणी पाठवायचीच. त्या वर्षी दोन पाठवल्या. "तिकडच्या लोकांना म्हणावं, कांदा कसा असतो बघा," असा निरोपही.

इबोया जायच्या आधी, मे महिन्यात, त्याच स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर एकेलुंड सेगेदला व्याख्यान द्यायला आले. नेमकं त्याच दिवशी शारोल्ताला बुडापेस्टला जायचं होतं, कस्टममध्ये अडकलेली रसायनं सोडवायला.

"पुढच्या आठवड्यात जाते ना," ती म्हणाली होती. "व्याख्यान ऐकायचंय मला."

"अगं, जुनंच उगाळणार आहे तो," इबोया म्हणाली. "तू तुझी रसायनं आण. मी सगळं सांगेन तुला."

शारोल्ता पहाटेच्या गाडीने गेली. कस्टमचा माणूस आजारी, दुसरा कुणी किल्लीला हात लावायला तयार नाही. ती लगेचची गाडी पकडून परत आली आणि स्टेशनवरून तशीच व्याख्यानाला पोचली. मी मागच्या रांगेत होते. माझ्या शेजारी येऊन बसली. धापा टाकत होती. "फार झालं का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "अर्धं."

एकेलुंड जर्मनमध्ये बोलत होते आणि शेजारी उभी राहून इबोया आमच्या भाषेत सांगत होती. शारोल्ताची आजी बनात प्रांतातली जर्मन. घरात आजीशी तीच भाषा. मलाही कामापुरती जर्मन कळायची. पडद्यावर नवं चित्र आलं. आठ कड्या. दोन ठिकाणी नॉरल्युसीन.

मी शारोल्ताकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती.

एकेलुंड म्हणाले की हे पेप्टाइड गिनीपिगच्या पित्ताशयावर नैसर्गिक संप्रेरकाइतकंच काम करतं, आणि हवेत ठेवलं तरी बिघडत नाही. इबोयाने ते व्यवस्थित सांगितलं. ते पुढे म्हणाले, "ह्याच संस्थेतून छापलेला निष्कर्ष मात्र आम्हाला खरा आढळला नाही. गंधकाची गरज नाही." तेही इबोयाने सांगायला सुरुवात केली, आणि मध्येच तिची नजर मागच्या रांगेवर आली. ती अडखळली. पाण्याचा घोट घेतला.

एकेलुंडना ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ते हसून तिच्याकडे वळले, किंचित वाकले आणि म्हणाले, "ज्यांनी हा पदार्थ आम्हाला पोचवला, त्याची रचना समजावून सांगितली, त्या विदुषी माझ्या शेजारीच उभ्या आहेत. गोन्त्सीबाईंशिवाय हे काम झालंच नसतं."

सगळं सभागृह इबोयाकडे बघत होतं. ती म्हणाली, "नमुन्याबद्दल ते आभार मानतायत."

ज्यांना जर्मन कळत होतं ते हसले. किती विनय, असं वाटलं त्यांना. टाळ्या पडल्या. सरांनीही वाजवल्या.

शारोल्ता उठली. तिने माझा दंड धरला. "चल," म्हणाली. व्याख्यान संपायची वाट न बघता आम्ही तिसऱ्या मजल्यावर गेलो. तिने फ्रीजरमधून स्वतःची कुपी काढली, कणभर पूड विरघळवली, पातळ केली, पुन्हा पातळ केली. मग दुसऱ्या मजल्यावर. पाहुण्यांना दाखवायचं म्हणून इबोयाने सकाळपासून यंत्र लावून ठेवलं होतं. पट्टी टांगलेली, पाणी कोमट, बुडबुडे चालू. शारोल्ताने एक थेंब सोडला.

पेन हललं, आणि वर चढत गेलं.

आम्ही दोघी बघत असतानाच दारात पावलं वाजली. इबोया एकटीच होती.

"काय घातलंस त्यात?" तिने विचारलं.

"तू मेलेलं म्हणून सांगितलेलं."

इबोयाने दार लोटून घेतलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "तेरेझ, जरा बाहेर थांबतेस?"

"ती इथेच थांबेल," शारोल्ता म्हणाली. "तेव्हा काय घातलं होतंस? तो कागद दाखवलास त्या वेळी?"

इबोया स्टुलावर बसली. म्हणाली, "मिठाचं पाणी. नुसतं."

"का?"

"शारी, ऐक. पहिल्यांदा टाकलं तेव्हाच पेन वर गेलं होतं. मी तुला सांगायला जिना चढतच होते. मग वाटलं, सरांना कळलं की ते उद्याच बुडापेस्टच्या औषधाच्या कारखान्याला देऊन टाकतील. कपाटात बंद. बाहेर एक शब्द बोलायचा नाही. तुलाही नाही, मलाही नाही. म्हटलं, थोडे दिवस मेलेलं राहू दे. तेवढ्यात बाहेर कुणाला तरी दाखवू. मग तुला सांगायचंच होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू इतकी खूश झालीस! गंधक लागतंच म्हणून नाचायला लागलीस. मी काय बोलणार होते त्यावर? मग तू लेख लिहिलास..."

"आपण लिहिला. तुझं नाव आहे त्यावर."

"हो."

"माझा प्रबंध तू वाचलास. व्याकरण सुधारून दिलंस त्यातलं. दोन वर्षं मी भिंतीला डोकं आपटत होते इबी, आणि तू खाली बसून मला सपाट रेघा देत होतीस?"

"बाकीच्या खऱ्या होत्या," इबोया म्हणाली. "देवाशपथ. ती एकच."

"त्या एकीवर बाकीच्या उभ्या होत्या," शारोल्ता म्हणाली. तिने यंत्र बंद केलं, कागद फाडून माझ्या हातात दिला आणि निघाली.

मला वाटलं होतं, आता इबोया स्वतः सरांकडे जाईल. ती गेली नाही. दुसऱ्या दिवशी शारोल्ताच्या निरोपावरून सरांनी दोघींना बोलावलं. मी तिथे होते म्हणून मलाही. शारोल्ताने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आवाजसुद्धा चढवला नाही. सरांनी चष्मा काढला. "इबोया, खरं का हे?"

इबोयाने मान वर केली. डोळे रडून सुजलेले होते, पण बोलताना ती अडली नाही. "सर, ती दुखावली आहे, मी समजू शकते. पण झालं असं की पहिल्यांदा तिने दिलेल्या नमुन्यातलं सल्फेट गळलेलं असणार. म्हणून पट्टी हलली नाही. नंतर मी दुसरा भाग मागून घेतला, तो चांगला होता. तोच मी डॉक्टर एकेलुंडना दिला. सांगायला हवं होतं, ही माझी चूक."

शारोल्ता तिच्याकडे बघतच राहिली. तिच्या सगळ्या कौशल्याचं सार त्या सल्फेटमध्ये होतं. ते न गळू देण्यासाठीच तिने तो हिवाळा घालवला होता, आणि हे इबोयाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, "सर, दुसरा भाग कुठला? एकदाच केलं होतं ते. मी स्वतः शुद्ध केलंय. सल्फेट होतं. आणि काल हिने आमच्यासमोर मिठाच्या पाण्याचं कबूल केलंय."

"कबूल मी केलं नाही," इबोया म्हणाली. "शारी ओरडत होती, मी हो ला हो केलं."

सर वाईट माणूस नव्हते, पण स्टॉकहोमशी संबंध जुळत आले होते, आणि इबोयाच्या पासपोर्टबद्दल वरच्या लोकांना जाब त्यांनाच द्यायचा होता. शेवटी म्हणाले, "पोरींनो, पदार्थ चांगला निघाला, हे महत्त्वाचं. दोघींची नावं घालून नवा लेख लिहा. पहिल्या नमुन्यात दोष होता असं एक वाक्य टाका, म्हणजे मिटलं. शारोल्ता, तुझ्या प्रबंधात तेवढी दुरुस्ती करून घेऊ."

"दोष नव्हता, सर," शारोल्ता म्हणाली.

"अगं, एक वाक्य आहे ते."

"माझ्या हातावर ठपका आहे ते वाक्य."

तिने लेख लिहिला नाही. प्रबंध मागे घेतला, सादरीकरणाची तारीख ठरलेली असताना. संस्थेत दोन तट पडले. पण खरं सांगायचं तर दुसऱ्या तटात मी आणि आमची साफसफाई करणारी बाई एवढ्याच होतो. बाकीचे म्हणायचे, माकोवाली हट्टी आहे, चूक कबूल करायला नको म्हणून मैत्रिणीवर खापर फोडतेय. हे तिच्या कानावर यायचं. कँटीनमध्ये ती आली की बोलण्याचा विषय बदलायचा. इबोया ऑगस्टमध्ये नवऱ्यासह स्टॉकहोमला गेली. वर्ष संपलं, ती परतली नाही.

आईला शारोल्ताने हे कधीच सांगितलं नाही. शरद ऋतू आला की म्हातारी दोन वेण्या द्यायची, एक शारीची, एक इबीची. इबी परदेशात आहे म्हटलं की म्हणायची, "येईल तेव्हा लागेल. कांदा टिकतो." शारोल्ता दोन्ही आणायची. दुसरी ती साफसफाईवाल्या बाईला द्यायची. एकदा मी म्हटलं, आईला सांगून टाक ना. "तिची ती लाडकी आहे," शारोल्ता म्हणाली. "माझं गेलं ते गेलं. तिचं कशाला घालवू?"

मग ती स्वतः पट्टी टांगायला शिकली. रसायनशास्त्रवाल्याने जनावराला हात लावायचा नाही अशी आमच्याकडे रीत होती. ती तिने मोडली. पहिल्या काही महिन्यांत पट्ट्या फाटल्या, आकसेनात, वास यायचा. नंतर हात बसला. तिने जुनं पेप्टाइड पुन्हा जोडलं, पुन्हा तपासलं आणि एकटीच्या नावाने लिहिलं: आधीचा निष्कर्ष चुकीचा आहे, गंधक लागत नाही. का चुकलं होतं ते लिहिलं नाही. लिहून कुणी छापलं नसतं. मग तिने सल्फेट हातात घेतलं. ते शेजारच्या कडीवर सरकवलं, तर ताकद जवळजवळ सगळी गेली. पेप्टाइड तेच, सल्फेट तेच, फक्त एक घर बाजूला. ह्या कामावर तिला पदवी मिळाली, बरोबरच्या लोकांच्या पुष्कळ मागून. तिच्या हाताखाली जो कुणी आला, त्याला तिची एकच अट असायची: जे जोडाल ते स्वतः तपासा. मुलं कुरकुरायची, "बाई कुणावर विश्वासच ठेवत नाहीत." ते खरं होतं. माझ्याही शुद्धीकरणाची ती मागून एकदा खात्री करून घ्यायची. मला वाईट वाटायचं.

पुढे भिंती पडल्या, सरहद्दी उघडल्या, सर वारले. प्रागला एक परिषद होती, आम्ही दोघी गेलो. चहाच्या वेळी गर्दीतून एक पिकल्या केसांची बाई सरळ आमच्याकडे आली. आवाजावरून ओळखली.

"शारी," ती म्हणाली. "तेरेझ. अगं, किती वर्षं!" तिने शारोल्ताला मिठी मारली. शारोल्ताचे हात खालीच होते.

आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो. इबोया भरभर बोलत होती: नातवंडं, गुडघे, स्टॉकहोमचा अंधार. मग थांबली. "आता तरी राग सोड गं. म्हाताऱ्या झालो आपण."

"एक कर," शारोल्ता म्हणाली. "सरांसमोर जे बोललीस ते मागे घे."

"सर तर गेले."

"मी आहे ना. तेरेझ आहे. आमच्यापुढे म्हण की सल्फेट होतं."

इबोयाने कपात चमचा फिरवला. तिच्या चेहऱ्यावर मला खोटेपणा दिसला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली. ती म्हणाली, "शारी, तुला खरं सांगू? मला आता नीट आठवत नाही. मी खूप विचार केलाय त्यावर. पण मला खरंच वाटतं गं, ते गळलंच असणार. आम्ल लागलं असेल कुठेतरी. होतं असं, चांगल्या-चांगल्यांच्या हातून होतं. मी तुला कधीच दोष दिला नाही त्याचा."

शारोल्ता तिच्याकडे बघत होती. त्या दिवशी सरांच्या खोलीत बघत होती, तशी.

"म्हणजे, माफ तू मला केलंस," ती हळूच म्हणाली.

"माफ काय त्यात!" इबोयाने तिच्या हातावर हात ठेवला. "तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही."

घंटा झाली. शारोल्ताने आपला हात काढून घेतला, पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चल, पुढचं व्याख्यान पोरांचं आहे. त्यांना पुढच्या रांगेत कुणीतरी लागतं."

आम्ही गेलो. ती शेवटपर्यंत बसली, दोन प्रश्नही विचारले. परतीच्या गाडीत ब्रनो स्टेशन गेल्यावर ती एकदम रडायला लागली, आणि बुडापेस्ट येईपर्यंत थांबली नाही.